फिशटँकच्या फिल्टरमध्ये काय बदलायचं आणि काय नुसतं धुवायचं

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात घरी २४ × १२ × १५ इंचांचा फिशटँक आहे. त्यात दोन गोल्डफिश आणि सहा मोली. पाणी बोअरचं, कधीमधी ग्रामपंचायतीच्या नळाचं. टाकीत बुडून चालणारा पॉवर फिल्टर आहे, त्याचा स्पंज काळा पडलाय आणि कडेनं तुटायला लागलाय. दुकानदार सांगतो की स्पंज, कार्बन, सिरॅमिक रिंगा सगळं एकदम नवीन टाका. मागच्या वर्षी तसं केलं, तर आठवडाभरात तीन मासे गेले. आता काय घ्यावं, कुठल्या मापाचं, आणि किती दिवसांनी बदलावं?

भाऊ, तुमचे मासे बहुधा नव्या मालानं मेले नाहीत, जुना माल एका दिवसात बाहेर गेला म्हणून मेले. घरच्या आरओची कॅन्डल तुंबली की ती फेकून नवीन बसवतात, तोच हिशोब आपण फिशटँकला लावतो. पण आरओचं काम घाण अडवायचं आहे. फिशटँकच्या फिल्टरचं मोठं काम वेगळंच आहे, आणि ते स्पंजवर चिकटलेला तपकिरी चिकट थर करतो. त्या थरात जिवाणू राहतात. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य आणि माशांच्या कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया येतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना मारतात. नायट्रेट त्या मानानं सौम्य, पाणी बदललं की निघून जातं. ही वस्ती नव्यानं बसायला चार ते सहा आठवडे लागतात. डिसेंबर-जानेवारीत टाकीचं पाणी २० अंशांच्या खाली उतरतं, तेव्हा त्याहून जास्त.

आपल्याकडे हा प्रकार जास्त जिवावर येतो, त्यामागे पाण्याचं कारण आहे. काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी जड असतं आणि त्याचा पीएच बहुतेक साडेसातच्या वर, कधी आठच्याही पुढे असतो. पाण्यातला सगळाच अमोनिया सारखा विषारी नसतो. ३० अंश तापमानात पीएच ७ असेल तर शंभर भागांतला एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की तोच आकडा सात-साडेसात भागांवर जातो, म्हणजे जवळपास नऊपट. त्यामुळे मऊ पाण्याच्या मुलखात जी चूक मासे सोसून नेतात, ती आपल्याकडे दोन दिवसांत अंगावर येते. पाणी तापलं की हा विषारी भाग आणखी वाढतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर फिल्टरमध्ये मोठे बदल करूच नका.

स्पंज

स्पंज काळा पडला हे तो बदलायचं कारण नाही. काळा आणि चिकट असलेला स्पंज म्हणजे कामावर असलेला स्पंज. बदलायची वेळ ओळखायची खूण निराळी आहे: हलक्या हातानं दाबून सोडला आणि तो परत फुगला नाही, किंवा बोटाला त्याचे कण चिकटले, किंवा मधलं भोक इतकं सैल झालं की पाणी स्पंजमधून न जाता कडेनं निसटतं. तुमचा कडेनं तुटतोय म्हणता, तर तो बदलायला आलाच आहे. चांगला स्पंज दोन-तीन वर्षं सहज जातो. हलका, रंगीत, मऊ स्पंज वर्षाच्या आत गळतो, तो स्वस्त पडत नाही.

माप घेताना जुन्या स्पंजचं घेऊ नका. तो वापरून आवळलेला असतो. फिल्टरचा पिंजरा उघडा आणि आतून मोजा: लांबी, व्यास किंवा रुंदी-जाडी, आणि मधल्या नळीची बाहेरची जाडी. नळीभोवती दोरा गुंडाळून दोरा मोजा आणि आलेल्या आकड्याला ३.१४ नं भागा, व्यास मिळतो. स्पंजचं भोक नळीपेक्षा दोनेक मिलिमीटर लहान हवं, म्हणजे घट्ट बसतं. तालुक्याच्या दुकानात नेमका तुकडा मिळेलच असं नाही. तेव्हा कुरिअरनं स्पंजची मोठी लादी मागवा आणि धारदार कटरनं स्वतः कापा. भोक पाडायला पातळ लोखंडी पाइपाच्या तुकड्याची कड घासून धार लावा आणि फिरवत दाबा. कात्रीनं भोक वाकडं होतं.

लादी मागवताना पीपीआय विचारा, म्हणजे एका इंचात किती भोकं. गोल्डफिशला २० ते ३० पीपीआयचा जाड भोकांचा स्पंज हवा. गोल्डफिश घाण फार करतो, ४५ पीपीआयचा बारीक स्पंज त्याच्या टाकीत चार-पाच दिवसांत तुंबतो आणि पंपावर ताण येतो. बारीक स्पंज मोलीच्या पिलांसाठी चांगला, पिलं आत ओढली जात नाहीत. तुमच्या टाकीत दोन्ही आहेत. जाड घ्या, आणि पिलं वाचवायची असतील तर पाणी ओढणाऱ्या तोंडावर बारीक स्पंजची टोपी घाला.

सोफ्याचा, गादीचा फोम नको. त्यात आग आणि बुरशी रोखणारी रसायनं असू शकतात. कूलरच्या मधमाशी पॅडचा तुकडाही नको, त्यावर प्रक्रिया केलेली असते आणि पाण्यात सतत बुडून तो विरघळायला लागतो.

जुन्याकडून नव्याकडे

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. तुमच्या पिंजऱ्यात एकच स्पंज मावतो, त्यामुळे दोन्ही एका वेळी आत बसणार नाहीत. दोन मार्ग आहेत. पहिला, एअर पंपावर चालणारा वेगळा स्पंज फिल्टर आणा आणि तो त्याच टाकीत जुन्या फिल्टरच्या शेजारी चार ते सहा आठवडे चालू द्या. त्यावर वस्ती बसली की पॉवर फिल्टरचा स्पंज बिनघोर बदला. दुसरा, जुना स्पंज आडवा कापून अर्धा आत ठेवा आणि अर्धी जागा नव्या स्पंजनं भरा. कापलेला उरलेला तुकडा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमधून पाणी बाहेर पडतं तिथं टांगा. महिनाभरानं उरलेला अर्धा बदला. मी पहिला मार्ग घ्या म्हणेन, कारण तो स्पंज फिल्टर पुढं लाइन जाते तेव्हाही कामी येणार आहे.

स्पंज बदलल्यानंतरचे १० दिवस खाद्य निम्मं करा. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं थेंबांचं किट घेतलं असेल तर एक दिवसाआड मोजा. दोन्ही शून्य हवेत. काही दिसलं तर टाकीचं पाव ते एक तृतीयांश पाणी बदला आणि त्या दिवशी खाद्य देऊ नका. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर किट नसलं तरी हेच करा.

धुणं

मासे मरायला स्पंज बदलण्याइतकंच स्पंज धुणंही कारण असतं. नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत स्पंज धुतला तर तो नवा टाकल्यासारखाच. त्यात ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते, आणि तिचा क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच टाकलेला असतो. तो नदी-विहिरीतल्या रोगजंतूंवर चालतो तसाच तुमच्या स्पंजवरही चालतो. गावात टीसीएलचं प्रमाण रोज सारखं नसतं. ज्या दिवशी पाण्याला वास येतो त्या दिवशी ते पाणी टाकीला लावूच नका.

दर १५ दिवसांनी पाणी बदलता तेव्हा टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्याची बादली ठेवा आणि त्यात स्पंज चार-पाच वेळा पिळा. पाणी गढूळ होऊन साचलेला गाळ निघाला की पुरे, स्पंजचा रंग तपकिरी राहिला पाहिजे. साबण, गरम पाणी, फिनाइल काहीच नको. बादली फिशटँकचीच वेगळी ठेवा. शेतात फवारणीचं औषध कालवलेली बादली दहादा घासली तरी ती इथं वापरू नका. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अगदी कणभर प्रमाणातही मारतात. फवारणीच्या दिवसांत हात आणि मनगटं साबणानं धुऊन, नीट खळबळून मगच टाकीत हात घाला. डासांची कॉइल आणि लिक्विड मशीन यांतही याच गटातली औषधं असतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो. कॉइल लावायची तर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून नळी आत घ्या.

कापूस आणि फायबर

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसायला बारीक गाळ धरणारा पांढरा फायबर लागतो, दुकानात त्याला फिल्टर वूल म्हणतात. उशीत भरायचा साधा पांढरा रेक्रॉन तेच काम करतो, फक्त तो सुगंधी किंवा रंगीत नको. हा मात्र खरोखर फेकून द्यायचा माल आहे. आठवडा ते १५ दिवसांत तुंबतो, तुंबला की नवा टाका. तो जाड स्पंजच्या नंतर ठेवायचा, आधी ठेवला तर दोन दिवसांत बंद पडतो.

आपल्या भागात घरोघरी कापूस असतो, म्हणून तो वापरायचा मोह होतो. सरकीतून काढलेला असो की औषधाच्या दुकानातला, खरा कापूस पाण्यात कुजतो. त्याच्यावर बुरशी येते, कुजताना तो पाण्यातला ऑक्सिजन खातो आणि लगदा होऊन पंपाच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, गुंडाळतो.

रिंगा आणि कवेलू

सिरॅमिक रिंगा फेकायचं काहीच कारण नसतं. त्या जिवाणूंना राहायला जागा देतात, आणि ती जागा संपत नाही. भोकं गाळानं बुजली तर जुन्या पाण्यात हलवून घ्या. फुटून चुरा झालेल्या तेवढ्या काढा, आणि एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त बदलू नका. तुमच्या टाकीला पाव किलो ते ३०० ग्रॅम रिंगा भरपूर झाल्या.

रिंगा मिळाल्या नाहीत तर जुन्या घराची मातीची कवेलू किंवा फुटलेला मटका चालतो. कमी आचेवर भाजलेली माती सच्छिद्र असते. रंग, चुना, धुराची काजळी नसलेला तुकडा निवडा, एक ते दोन सेंटिमीटरचे खडे करा, १० मिनिटं उकळा आणि पाणी निवळेपर्यंत धुवा. जाळीच्या पिशवीत भरून ठेवा. दगड वापरणार असाल तर आधी त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तो चुनखडीचा, वणी-कोरपना भागात असा दगड खूप आहे. तो पाण्याचा जडपणा आणखी वाढवतो. संगमरवराचे तुकडेही त्याच कारणानं बाजूला ठेवा.

कार्बन

दुकानात सगळ्यात जास्त खपतो आणि सगळ्यात कमी लागतो तो कार्बन. तो पाण्याचा पिवळेपणा, वास, उरलेलं औषध आणि क्लोरीन शोषतो. अमोनिया किंवा नायट्राइट तो काढत नाही, पाण्यातले क्षारही काढत नाही. तीन-चार आठवड्यांत त्याची भोकं भरतात. मग तो नुसता खडा असतो, जिवाणू बसले तर तेवढाच त्याचा उपयोग. उन्हात वाळवून किंवा तव्यावर भाजून तो ताजा होत नाही, त्याला कारखान्यातली ८०० अंशांच्या आसपासची भट्टी लागते.

रोज वापरायची गरज नाही. पण ५०–६० ग्रॅमची एक बंद पुडी घरात ठेवा, तुमच्या टाकीला एका वेळी तेवढी पुरते. माशांना दिलेल्या औषधाचा कोर्स संपल्यावर ते पाण्यातून काढायला ती लागते. फवारणीच्या काळात काही चुकून पाण्यात गेल्याची शंका आली, तर निम्मं पाणी बदलून लगेच ती लावा. औषध चालू असताना मात्र कार्बन बाहेर काढा, नाहीतर तुम्ही टाकलेलं औषध तोच शोषून घेईल. वापरण्याआधी काळं पाणी जाईपर्यंत धुवा. चुलीतला कोळसा याच्या जागी चालत नाही, त्याची राख पीएच वर ढकलते.

टाकीच्या मागच्या कडेला टांगायच्या फिल्टरमध्ये पांढऱ्या कापडाच्या आत कार्बन भरलेली कार्ट्रिज येते आणि डब्यावर ती दर महिन्याला बदला असं लिहिलेलं असतं. तसं केलं तर दर महिन्याला वस्ती कचऱ्यात जाते. त्या खाचेत मापानं कापलेला स्पंज बसवा आणि मागे रिंगांची पिशवी ठेवा.

झिओलाइटचे पांढरट खडे अमोनिया धरतात, नवीन टाकीत किंवा स्पंज बदलतानाच्या आठवड्यात आधाराला चांगले. पण टाकीत मीठ घातलेलं असेल तर ते धरलेला अमोनिया परत सोडतात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. आणि कुठलाही स्पंज, कार्बन किंवा रिंग खारं पाणी गोडं करत नाही. तिथं पावसाचं पाणी साठवून निम्मं-निम्मं मिसळायचं, पहिल्या दोन-तीन पावसांचं छपरावरचं पाणी सोडून देऊन. गढूळ पाणी निवळायला तुरटी फिरवायची सवय असते, ती माशांच्या पाण्याला नको. तुरटी पीएच खाली खेचते. पाणी ड्रममध्ये एक-दोन दिवस निवळू द्या, तेवढ्यात क्लोरीनही उडतो.

पंप बदलायचा झाला तर

तुमची टाकी ६१ × ३०.५ × ३८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ७० लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की प्रत्यक्ष पाणी ६० लिटर. तासाला त्याच्या चार ते सहा पट पाणी फिरायला हवं, म्हणजे २४० ते ३६० लिटर. डब्यावरचा आकडा मात्र स्पंज न लावता, पाणी उंच न चढवता मोजलेला असतो. गावातल्या कमी व्होल्टेजमध्ये पंप आणखी मंदावतो. म्हणून डब्यावर ४०० ते ६०० लिटर असलेला घ्या. त्याहून मोठा घेतला तर मोलीला दिवसभर प्रवाहाशी झुंजावं लागतं.

पंप बंद पडला म्हणून लगेच नवा आणू नका. आधी रोटर बाहेर काढा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार त्याच्या दांडीवर बसतो आणि तो अडकतो. रोटर आणि दांडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा, साध्या पाण्यानं धुवा. दांडी झिजली किंवा टोकाचं रबर फुटलं तर पंप घरघरतो. रोटर-दांडीचा जोड सुटा मिळतो, मागवताना पंपाच्या मागे लिहिलेला मॉडेल नंबर आणि वॅट कळवा. रबरी रिंगला व्हॅसलीन लावू नका, सिलिकॉन ग्रीस लावा. वायरीचा एक झोल प्लगच्या खाली लोंबता ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरणार नाही. टाकीत हात घालण्याआधी प्रत्येक वेळी प्लग काढा.

लाइन गेली की

पाणी २५ अंशांवर असताना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन धरतं, ३५ अंशांवर सातच्या आसपास, आणि तेव्हाच माशांची गरज वाढलेली असते. मे महिन्यात दुपारी चार तास लाइन गेली तर आधी गोल्डफिश अडचणीत येतो. साठ लिटरमध्ये दोन गोल्डफिश तशी दाटीच आहे. म्हणून बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एसी-डीसी एअर पंप आणि त्यावर तो स्पंज फिल्टर, हा तुमच्या घरातला सगळ्यात उपयोगी खर्च आहे. नळी नेहमीची ४ मिलिमीटर आतल्या व्यासाची घ्या. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, ते जमत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, नाहीतर लाइन जाताच पाणी उलटं पंपात येतं. व्हॉल्व्हमधून हवा एकाच बाजूनं जाते, बसवण्याआधी फुंकून बघा. चौकोनी वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर असेल तर त्यावर पॉवर फिल्टर चालवू नका. तो गुंगतो आणि तापतो.

पॉवर फिल्टर दोन-तीन तासांहून जास्त बंद राहणार असेल तर स्पंज पिंजऱ्यातून काढून टाकीतच मोकळा सोडा. कोंडलेल्या डब्यात जिवाणूंचा ऑक्सिजन संपतो. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, असेल तर चार-पाच तासांच्या खंडानंतर तो तसाच सुरू करू नका. आतलं सडकं पाणी टाकीत जातं. उघडा, पाणी ओता, माल जुन्या पाण्यात खळबळा आणि मग चालू करा. लाइन येईपर्यंत माशांना खाद्य देऊ नका.

उन्हाळ्यात बाष्पीभवनानं पातळी उतरते आणि आपण वरून बोअरचंच पाणी ओतत राहतो. वाफ जाते, क्षार मागे राहतात, महिन्या-दोन महिन्यांत पाणी फारच जड होतं. उतरलेली पातळी भरायला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, आणि पंधरवड्याच्या पाणी बदलाला निवळलेलं बोअरचं. सगळी टाकी आरओच्या पाण्यानं भरू नका. त्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच नसतात. पीएच सहाच्या खाली घसरला की स्पंजमधले जिवाणू काम जवळपास थांबवतात.

तेव्हा आत्ता मागवायचं ते एवढं: २० ते ३० पीपीआयची स्पंजची एक लादी, एअर पंपावरचा एक स्पंज फिल्टर, एसी-डीसी एअर पंप, दोन मीटर नळी, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि ५०–६० ग्रॅम कार्बनची बंद पुडी. रिंगा आहेत त्याच ठेवा. नवा स्पंज फिल्टर आल्या दिवशी टाकीत सोडा आणि कॅलेंडरवर तारीख लिहा. पहिल्याच दिवशी जुना स्पंज त्याच्यावर पिळून तपकिरी पाणी त्याला पाजा, पाणी थोडा वेळ गढूळ दिसेल ते दिसू द्या. तारखेपासून सहा आठवड्यांनी जुना, तुटका स्पंज काढा. त्या वेळी कडक उन्हाळा असेल तर पहिला पाऊस पडून पाणी थंडावेपर्यंत थांबा. तोवर तुटलेली कड दोऱ्यानं बांधून तोच स्पंज चालवा.